डेलाहाय १३५ च्या उघड्या गाड्या: ट्रकच्या इंजिनावर एवढं देखणेपण आलं कुठून?

निळी_शाई

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. जुन्या फ्रेंच गाड्यांचे फोटो बघायचा मला नाद आहे आणि त्यात १९३७ सालची एक डेलाहाय १३५ बघितली, टप नसलेली, वरची बॉडी फिगोनी-फालास्की या पॅरिसच्या कारागिरांनी बांधलेली. पुढची चाकं जवळजवळ दिसतच नाहीत, चारही मडगार्ड थेंबाच्या आकाराची, लांबट आणि फुगीर, दारावरून क्रोमची एक पट्टी जी निघते ती थेट मागच्या टोकापर्यंत जाते. त्या फोटोवरून नजर हलेना. मग वाचायला लागलो तर कळलं की हिचं इंजिन मुळात ट्रकसाठी केलेलं होतं आणि कंपनी आगीचे बंब बनवायची!

आता गोंधळ असा की ही गाडी नक्की कोणाची म्हणायची, डेलाहायची का फिगोनीची? आणि १३५ चेच आणखी फोटो शोधले तर एक गाडी दुसरीसारखी नाही, कुठे काच उभी, कुठे तिरकी, कुठे पुढची चाकं उघडी, एकाच मॉडेलच्या गाड्या इतक्या वेगळ्या कशा काय? लोक हिच्यासाठी एवढे जीव टाकतात ते फक्त दिसण्यासाठी, की चालवायलाही तेवढीच चांगली आहे? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

तेलकट_हात

मोठा विषय काढलात, जमेल तसं लिहितो.

एमिल डेलाहाय यांनी १८९० च्या दशकात तूर गावात सुरुवात केली, मग कारखाना पॅरिसला आला, आणि पुढे कित्येक दशकं सगळा कारभार शार्ल वाइफेनबाख या एकाच माणसाच्या हातात राहिला. ट्रक, बंब आणि सोबत मजबूत पण बघायला अगदीच नीरस अशा मोटारी, असा त्यांचा धंदा. गाडी टिकते म्हणून नाव होतं, देखणी म्हणून कोणी नाव घेत नव्हतं. तीसच्या दशकात मंदी आली आणि सिट्रोएन, रेनो, पूजो यांनी मधल्या किमतीचा सगळा बाजार व्यापला, तिथे छोट्या कारखान्याने स्वस्ताईत टक्कर द्यायची म्हणजे मरणच, त्यामुळे वाइफेनबाख उलटीकडे वळले, गाड्या थोड्या करायच्या पण वेगवान आणि उंची करायच्या.

त्यातून १९३५ मध्ये १३५ आली. इंजिनिअर होते जाँ फ्रान्स्वा. इंजिन कोऱ्या कागदावर काढण्याऐवजी त्यांनी घरातलंच सहा सिलिंडरचं घेतलं, आधी ३.२ लिटर आणि मग ३५५७ सीसी, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, वरच्या मॉडेलवर तीन सोलेक्स कार्ब्युरेटर. ट्रकचं म्हणून नाक मुरडू नका हो. ट्रकचं इंजिन म्हणजे तासन्‌तास लोड घेऊन न कुरकुरता चालणारं, जाड भिंतींचं, कमी आरपीएमला ओढणारं. मोठ्या टूरिंग गाडीला नेमकं हेच लागतं. खरी करामत शासीत, म्हणजे खालच्या चौकटीत होती, ती बरीच खाली बसवली आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं, आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर. शासी खाली बसली म्हणून वर लांब, बसकी बॉडी शोभायला लागली. ट्रकच्या कंपनीने ही एक गोष्ट केली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता कोणाची गाडी हा प्रश्न. डेलाहायकडे बॉडीचा कारखानाच नव्हता. तुम्ही विकत घ्यायचात ती शासी, म्हणजे चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर एवढंच, आणि ते धूड कोचबिल्डरकडे, म्हणजे वरची बॉडी बांधणाऱ्याकडे जायचं. पॅरिस आणि आसपास त्यांची रांगच होती, शाप्राँ, फिगोनी, फ्राने, गिलोरे, पूर्तू, साउचिक. तिथे आधी चित्र, मग ॲशच्या लाकडाचा सांगाडा, मग त्यावर हाताने ठोकून आकार दिलेले पत्रे. प्रेस नाही, डाय नाही. त्यामुळे एकाच चित्रावरून दोन गाड्या केल्या तरी डावं मडगार्ड आणि उजवं मडगार्ड यांच्यातसुद्धा टेपने मोजलं तर फरक निघतो. आणि गिऱ्हाईक म्हणायचं मला काच तिरकी हवी, मला मागे सामान ठेवायला जागा हवी, मला पुढची चाकं झाकायची नाहीत. म्हणून तुम्हाला फोटोत एक गाडी दुसरीसारखी दिसत नाही.

रेषा_आणि_रंग

तेलकट_हात यांनी खालची बाजू लिहिली, मी वरची लिहिते, कारण माझा जीव तिथे आहे.

जुझेप्पे फिगोनी मूळचा इटलीतल्या पियाचेंझा भागातला, लहानपणी आईवडिलांबरोबर फ्रान्सला आला, तिथे जोसेफ झाला. पॅरिसला लागून असलेल्या बुलोनमध्ये त्याने १९२३ च्या सुमारास स्वतःचं वर्कशॉप काढलं. आधी अपघाताच्या गाड्या दुरुस्त करणं वगैरे, मग रेसच्या गाड्यांच्या हलक्या बॉड्या. ओविडिओ फालास्की १९३५ मध्ये भागीदार झाला, तोही इटालियन, तो पैशाची आणि धंद्याची बाजू बघायचा. आकार सगळे फिगोनीचे.

आणि मग ऑक्टोबर १९३६, पॅरिसचं मोटार प्रदर्शन, ग्राँ पालेमध्ये. ते साल डोळ्यासमोर आणा, जूनमध्ये फ्रान्सभर कारखान्यांत संप झालेले, पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार आलेलं, कामगारांना पहिल्यांदा पगारी सुट्टी मिळालेली, प्रदर्शनाच्या तोंडावर फ्रँकचं अवमूल्यन झालेलं. अशा वातावरणात फिगोनीने १३५ च्या शासीवर एक रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, मांडला ज्याची चारही चाकं झाकलेली. मूळ रेखाटन जिओ हॅमचं, हा मोनाको ग्राँ प्रीची पोस्टर्स करणारा चित्रकार, वेग कागदावर कसा दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कागदावरचा वेग पत्र्यात उतरवणं वेगळं, ते फिगोनीने केलं. ती गाडी प्रिन्स अली खानने घेतली. काही लोकांना ती अति वाटली, उथळ वाटली. पण त्यानंतर तसलीच गाडी हवी म्हणून मागणी यायला लागली आणि त्या घराण्याच्या मोजक्या गाड्या तयार झाल्या, प्रत्येक वेगळी.

मला विचाराल तर तिची जादू मडगार्डमध्ये नाही, मडगार्डांच्या मधल्या जागेत आहे. पुढचं मडगार्ड खाली उतरत दारापर्यंत येतं आणि संपायच्या आत मागचं उठायला लागतं, त्या दोघांच्या मधे जो खोलगट भाग राहतो तिथे रंग गडद दिसतो आणि गाडी उभी असली तरी पुढे झेपावल्यासारखी वाटते. क्रोमची पट्टी ही सजावट नाही, ती डोळ्याला वाट दाखवते. काही गाड्यांत समोरची काच हँडल फिरवून खाली उतरवता येते, टप मागे झाकणाखाली पूर्ण गायब होतो, बाहेर काही लोंबत नाही. मग बाजूने बघितलं की बोनेटपासून शेपटीपर्यंत एकच सलग रेष उरते. बंद गाडीत हे होऊच शकत नाही, छप्पर मधे येतं. म्हणून फिगोनीची कूपे कितीही सुंदर असली तरी मला उघडीच जास्त पटते.

आणि ह्या गाड्या कुठे मिरवायच्या, तर काँकूर देलेगाँसमध्ये, म्हणजे देखण्या गाड्यांच्या स्पर्धांत, बुआ द बुलोन, दोव्हिल, कान अशा ठिकाणी. तिथे गाडीबरोबर बाईचा पोशाखही बघितला जायचा, मोठ्या फॅशन हाऊसचे कपडे, कुत्रासुद्धा रंगाला साजेसा. आज आपल्याला ते दिखाऊ वाटेल पण कोचबिल्डरसाठी ती जाहिरात होती, तिथल्या बक्षिसावर पुढची ऑर्डर मिळायची.

निळी_शाई

काय लिहिलंय तुम्ही दोघांनी, वा! मधल्या जागेबद्दल वाचून परत फोटो उघडला आणि खरंच तसं दिसलं. आता चालवण्याबद्दल कोणीतरी सांगा ना. पुढची चाकं झाकली तर वळायचं कसं? आणि फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजवीकडून चालतात तरी स्टिअरिंग उजवीकडेच का आहे सगळ्या फोटोंत?

चौथा_गिअर

वळण्याचं खरं आहे, चाक मडगार्डच्या आत फिरायला जागा हवी म्हणून एकतर मडगार्ड रुंद करायचं नाहीतर वळण मोठं घ्यायचं, फिगोनीच्या गाड्यांत दोन्ही झालं. ब्रेकच्या ड्रमला वारा कमी मिळतो, चिखल आत साठतो, टायर बदलायचा तर आधी झाकण काढा. ब्रेक तर केबलचेच होते. घाटात जोरात उतरायचं असेल तर उघड्या चाकांची १३५ बरी, हे स्पष्ट सांगतो.

स्टिअरिंग उजवीकडे ही त्या काळच्या उंची फ्रेंच गाड्यांची रीतच होती, बुगाटी, डेलाज, टॅल्बो सगळ्यांची. आल्प्सच्या अरुंद रस्त्यावर दरीची कड ड्रायव्हरला दिसते, आणि शहरात ड्रायव्हर फुटपाथच्या बाजूला उतरून मालकासाठी दार उघडू शकतो. पुढे पुढे तो एक मान झाला, स्वस्त गाडी डावीकडची आणि भारी गाडी उजवीकडची.

आता गिअरबॉक्स, माझा सगळ्यात आवडता भाग. बऱ्याच १३५ मध्ये कोतालचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक गिअरबॉक्स असायचा. स्टिअरिंगजवळ बोटभर लांबीची एक दांडी, तिला छोटीशी जाळी, बोटाने टिचकी मारल्यासारखी हलवली की आत विजेचे मॅग्नेट चिकटतात आणि गिअर पडतो. क्लच फक्त निघताना आणि थांबताना. १९३७ साली, विचार करा, बाकीचे लोक प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबत घाम गाळत होते तेव्हा! पुढे-मागेसाठी खाली वेगळा लिव्हर असतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या रिव्हर्सलाही चार गिअर मिळतात. संध्याकाळी टप खाली करून निवांत जायचं तर याहून सुखाची व्यवस्था त्या काळात नव्हती. गाडी वजनदार आहे, स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायला दंड लागतात, पण एकदा वेग धरला की ते ट्रकवालं इंजिन टॉप गिअरमध्ये बारीक घरघर करत दिवसभर पळतं.

आणि हिला नुसती शोभेची समजू नका. १३५ ने १९३७ आणि १९३९ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, दुसऱ्या वेळी हॉचकिस या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या गाडीबरोबर बरोबरीत. १९३८ च्या ले माँच्या २४ तासांत शाबो आणि ट्रेमूले यांची १३५ पहिली आली आणि दुसरी गाडीसुद्धा डेलाहायच. रेसिंगच्या मागे मोठा जोर होता लूसी ओ'रायली शेल या अमेरिकन बाईंचा, स्वतः रॅली चालवायच्या, पैसा घातला, डेलाहायला रेसच्या गाड्या करायला लावल्या. त्यातून साडेचार लिटरची व्ही-१२ (बारा सिलिंडरच्या) इंजिनवाली १४५ आली. रने ड्रायफसने तिच्यावर ऑगस्ट १९३७ मध्ये मोंतलेरीच्या ट्रॅकवर दहा लाख फ्रँकचं बक्षीस मिळवलं, आणि एप्रिल १९३८ मध्ये पो शहरातल्या ग्राँ प्रीत मर्सिडीजच्या नव्या गाडीला हरवलं. ड्रायफसचे वडील ज्यू होते, त्यामुळे जर्मन टीमचं दार त्याला बंदच होतं, त्या काळात त्या विजयाला काय अर्थ आला असेल ते वेगळं सांगायला नको. मर्सिडीज ताकदीला खूप पुढे होती पण इंधन पिणारी, तिला मधे थांबावं लागलं, डेलाहाय एका टाकीवर शेवटपर्यंत गेली.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण म्हणजे याच व्ही-१२ चं रस्त्यावरचं रूप १६५, तिच्यावर फिगोनीने कन्व्हर्टिबल बांधली आणि ती १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरला फ्रान्सतर्फे मांडली. आणि युद्धानंतर १४५ च्या एका रेसिंग शासीवर फ्रानेने चक्क आलिशान कन्व्हर्टिबल चढवली. रेसची गाडी आणि फिरायची गाडी यात आज आपण जी भिंत मानतो ती तेव्हा नव्हती.

साधी_रेष

सगळे फिगोनीवर बोलताय म्हणून मला लिहावंसं वाटलं. डेलाहायच्या उघड्या गाड्या म्हणजे फक्त फिगोनी नाही हो. सगळ्यात जास्त १३५ बांधल्या त्या लव्हालुआच्या आँरी शाप्राँने, आणि माझ्या मते १३५ चा खरा स्वभाव त्याच्या कॅब्रिओलेमध्ये, म्हणजे टप बंद करता येणाऱ्या उघड्या गाडीत दिसतो. चाकं उघडी, मडगार्ड भरदार पण आवरलेली, टप आतून अस्तर लावलेला जाड, बंद केला की थंडीपावसात कूपेसारखी वापरता येते. त्या गाडीने लोक प्रत्यक्ष पॅरिसहून निघून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत जायचे. फिगोनीची गाडी बघायला एक दिवस, शाप्राँची दहा वर्षं वापरायला. पुढे याच शाप्राँने सिट्रोएन डीएसच्या कन्व्हर्टिबल केल्या, इतक्या नीट की १९६० नंतर सिट्रोएनने त्या अधिकृतपणे आपल्या यादीत घेतल्या. फ्रान्सचे प्रेसिडेंट पाँपिदू यांच्यासाठी सिट्रोएनच्याच एसएम मॉडेलची उघडी गाडीसुद्धा त्याच वर्कशॉपने केली, १९७२ मध्ये. बाकीचे बहुतेक पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत बुडाले आणि हा टिकला, त्याचं कारण हाच संयम असं मला वाटतं.

रेषा_आणि_रंग

साधी_रेष, शाप्राँबद्दल आदर आहेच, पण टिकणं हे सौंदर्याचं माप मला मान्य नाही. फिगोनीने त्या शासीला काय काय होता येईल ते दाखवलं, आणि ते दाखवल्याशिवाय शाप्राँची मडगार्डसुद्धा तेवढी भरदार झाली नसती. त्याच्या १९३५ च्या आणि १९३८ च्या गाड्या शेजारी ठेवून बघा. हां, साउचिकने बॉडी चढवलेल्या, युद्धानंतरच्या डेलाहाय १७५ बद्दल विचाराल तर मी तुमच्या बाजूने येईन. १९४९ चा तो रोडस्टर, जो पुढे इंग्लिश नटी डायना डॉर्सकडे होता, त्यात क्रोम इतकं आहे की खालचा आकार गुदमरतो. फिगोनीची पट्टी डोळ्याला पुढे नेते, साउचिकची थांबवून ठेवते. तिथे मला वाटतं की आता घराणं थकलंय.

साधी_रेष

साउचिकवर एकमत! १९३५ आणि १९३८ चे फोटो बघतो, तुमचा मुद्दा नीट तपासून मगच बोलेन.

निळी_शाई

हे वाचताना दोन प्रश्न आले. एवढं सगळं चांगलं चाललं होतं तर मग बंद का पडलं? आणि आज जी फिगोनीची म्हणून दाखवतात ती खरंच त्याचीच कशावरून? सगळं हाताने केलेलं असेल तर आज कोणी हाताने नवीन करू शकतोच की.

तेलकट_हात

बंद पडण्याचं थोडक्यात. युद्धानंतर पोलाद रेशनवर, पोन्स योजनेखाली कोणी काय बनवायचं ते सरकार ठरवणार, महागड्या गाड्या निर्यातीसाठी ठेवायच्या, आणि मोठ्या इंजिनांवर देशात जबरदस्त कर. वर १९४८ मध्ये जॅग्वार एक्सके १२० आली, जास्त वेगवान आणि कितीतरी स्वस्त. डेलाहायची नवी १७५ वजनदार निघाली, तिच्या पुढच्या सस्पेन्शनने त्रास दिला. १९५४ मध्ये हॉचकिसने कंपनी गिळली आणि मोटारी थांबल्या. कोचबिल्डरांचं मरण त्याहून साधं होतं, सिट्रोएनने १९३४ मध्येच ट्रॅक्शन आव्हाँमध्ये बॉडी आणि चौकट एकच करून टाकली होती, हळूहळू सगळे त्या वाटेने गेले आणि बॉडी चढवायला सुटी शासीच उरली नाही.

खरेपणाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. या गाड्यांच्या किमती चढल्यावर साध्या बंद १३५ ची बॉडी काढून तिच्यावर फिगोनीच्या धर्तीचा नवा रोडस्टर बांधल्याची उदाहरणं आहेत. काम उत्तम असतं, फोटोत तर कळतच नाही. म्हणून बघणारे लोक आधी शासी नंबर बघतात, मग इंजिन नंबर, मग कोचबिल्डरचा स्वतःचा बॉडी नंबर, जो शासी नंबरपेक्षा वेगळा असतो आणि आत लाकडावर किंवा सुट्या भागांवर ठोकलेला सापडतो. त्या काळच्या मासिकांतले, काँकूरमधले फोटो जुळवतात, दाराची बिजागरी कुठे आहे, बोनेटच्या फटी किती, इथपर्यंत. त्यातही गुंता असतो, कारण पहिल्याच मालकाने दोन वर्षांत फॅशन बदलली म्हणून मडगार्ड बदलून घेतलेली असू शकतात, मग मूळ रूप कोणतं धरायचं?

माझं मत विचाराल तर मला अर्धवट जुनी, रंग उडालेली, लाकूड किडलेली पण सलग इतिहास असलेली गाडी शोरूमसारख्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त मोलाची वाटते. रिस्टोरेशनमध्ये ॲशचा सांगाडा बदलावा लागतो हे मान्य, सत्तरऐंशी वर्षांत ओल शिरून तो सडतोच, उघड्या गाडीत तर लवकर, दारं लोंबायला लागतात कारण वर छप्पर धरून ठेवायला नसतं. पण पत्रा शक्यतो जुनाच ठेवावा. त्यावरच्या हातोडीच्या खुणा आतल्या बाजूने दिसतात, अस्तर काढल्यावर. नवीन पत्रा कितीही सफाईदार केला तरी त्या बुलोनच्या कामगारांच्या नसतात.

चौथा_गिअर

+१. आणि काँकूरवाल्यांनाही हळूहळू हे पटतंय, न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी आता वेगळे वर्ग असतात. तरी मोठं बक्षीस अजून बहुतेक चकचकीतलाच मिळतं. २००० साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या काँकूरमध्ये बेस्ट ऑफ शो मिळालेली गाडी म्हणजे फिगोनी-फालास्कीची १९३७ ची १३५ कॅब्रिओले, निळी_शाई तुम्ही बघितलेला फोटो त्याच घराण्यातला असणार.

निळी_शाई

शोधतो लगेच. आणि प्रत्यक्ष बघायच्या तर कुठे?

चौथा_गिअर

कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला म्युलिन म्युझियम होतं, फ्रेंच कोचबिल्ट गाड्यांसाठी त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं, १६५ तिथेच होती, पण मालक वारल्यावर ते २०२४ मध्ये बंद झालं आणि गाड्या विखुरल्या, काही लॉस एंजेलिसच्या पीटरसन म्युझियमला गेल्या. फ्रान्समध्ये म्युलूझचं सिते द लोटोमोबिल गाठा, श्लुम्फ बंधूंचा संग्रह. तिथे लोक बुगाटीसाठी जातात, पण डेलाहायही आहेत. पुढून दोन मिनिटं बघा आणि मग बाजूला जाऊन खाली वाका, रेषा_आणि_रंग म्हणतात ती मडगार्डांच्या मधली जागा गुडघ्याच्या उंचीवरून सगळ्यात छान दिसते.